धनी बदलतो तेव्हा : खेळाचे संघ आणि त्यांचे पाठीराखे

मालकी बदलणे ही गोष्ट आपल्या भंडारा जिल्ह्याला नवी नाही. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. त्या दिवसापर्यंत गावचे तळे मालगुजाराचे होते, दुसऱ्या दिवशी ते सरकारचे झाले. तळे जागेवरच राहिले. पाळ तीच, पाणी तेच, खालच्या धानाच्या बांध्याही त्याच. लोकांनी त्याचे नाव 'माजी मालगुजारी तलाव' असे केले आणि पुढे सोयीसाठी 'मामा तलाव' म्हणू लागले. पण धनी बदलल्याचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. पूर्वी गाव आणि मालगुजार मिळून पाळीची डागडुजी करीत. पुढे सरकार करील या भरवशावर गाव राहिले, आणि सरकारला हजारो तळ्यांकडे बघणे जमले नाही. कित्येक तळी गाळाने भरली.

तुमसरच्या खाणींचीही हीच कथा वेगळ्या तऱ्हेने सांगता येते. ज्या इंग्रज कंपनीचा आरंभ १८९६ साली झाला, ती पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी म्हणून ओळखली गेली. १९६२ साली तिच्या जागी मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी आली. तिच्यात केंद्र सरकार व महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही राज्ये मिळून ५१ टक्क्यांची धनी झाली. १९७७ साली उरलेले ४९ टक्केही सरकारने घेतले. २०१० साली तिचे काही शेअर बाजारात आले, आणि ज्याच्याजवळ पैसे आहेत असा कोणीही माणूस डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील खाणींचा अंशतः मालक होऊ शकला. तीन वेळा मालकीची घडी बदलली. खाणीत उतरणाऱ्या माणसाला मात्र कोणी विचारले नाही, आणि विचारावे अशी अपेक्षाही त्याने केली नाही. कारण खाण आपली आहे असे तो मनात म्हणत असला, तरी कागदावर ती आपली नाही हे तो जाणून होता.

आज आम्हांला बोलायचे आहे ते खेळांच्या संघांविषयी. तळ्याचा आणि खाणीचा दाखला आधी दिला तो एवढ्यासाठी की, खेळाच्या संघालाही असेच दोन धनी असतात. एक कागदाचा धनी. तो पैसे घालतो आणि खर्च सोसतो. दुसरा मनाचा धनी. तो तिकीट काढून उन्हात बसतो, हरल्यावर जेवत नाही आणि पोराचे नाव खेळाडूच्या नावावरून ठेवतो. पहिला धनी बदलला म्हणजे दुसऱ्याचे काय होते, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

मालगुजारीच्या काळातील एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. तळे मालगुजाराचे असले तरी गुरांना पाणी पाजण्याचा, मासे धरण्याचा, बांध्यांना पाणी घेण्याचा गावाचा रिवाज असे. आणि जमाबंदीच्या वेळी हा रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात लिहून घेतला जाई. गावाच्या अशा वापराला आपण निस्तार म्हणतो. मालकी एकाची, निस्तार सर्वांचा, आणि तो लिहिलेला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही विदर्भासाठी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांना जागा ठेवली आहे. खेळाच्या संघांचा इतिहास चाळला तर आम्हांला असे आढळते की, पाठीराख्यांचे जिथे काही टिकले तिथे त्यांचा निस्तार कुठेतरी लिहिलेला होता. आणि जिथे सारे गेले तिथे त्यांच्यापाशी प्रेमावाचून काही नव्हते.

महाराष्ट्रात खेळाचा पहिला मोठा धनी म्हणजे राजा. कोल्हापुरास शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला तो सर्वांस ठाऊक आहे. खासबागेचे मैदान १९१२ साली सुरू झाले. मल्लांचा खुराक दरबारातून येई. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा धनी गेला. कुस्ती त्यामुळे बुडाली असती तर नवल नव्हते. ती बुडाली नाही, याचे एक कारण असे की तालमी दरबाराच्या एकट्याच्या नव्हत्या, त्या पेठांच्याही होत्या. त्या त्या पेठेने त्या सांभाळल्या. पुढे कुस्तीगीर परिषद उभी राहिली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची कुस्ती होऊ लागली. राजाश्रय गेला, त्याची जागा लोकाश्रयाने घेतली.

दुसरा धनी म्हणजे कारखानदार. मुंबईच्या गिरण्या आणि कंपन्या, गोव्याचे खाणवाले, पंजाबातले कापडवाले यांनी फुटबॉलचे संघ पाळले. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. सकाळी मैदान आणि दुपारी कचेरी असा त्याचा दिवस जाई. कंपनीला नाव मिळे आणि कामगारांना अभिमानाची जागा. हा व्यवहार वाईट नव्हता. कित्येक गरीब घरांत पहिला पगार चेंडूच्या जोरावर आला. पण या व्यवहारात एक उणीव होती : संघ हा कंपनीच्या खर्चाच्या वहीतला एक आकडा होता. वर्षाचा हिशेब मांडताना त्या आकड्यावर कोणाचेही बोट पडू शकत असे.

मुंबईच्या महिंद्र कंपनीचा संघ १९६२ साली निघाला. पुढे महिंद्र युनायटेड या नावाने तो गाजला आणि २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला. २०१० साली कंपनीने तो बंद केला आणि शालेय फुटबॉलकडे लक्ष देण्याचे ठरविले. शाळकरी मुलांसाठी खर्च करणे हे काही गैर नव्हे. परंतु कूपरेजवर वर्षानुवर्षे जाऊन बसणाऱ्या माणसाला दाद मागण्याची कोणती जागा होती? कोणतीही नव्हती. पुढल्याच वर्षी, २०११ साली, पंजाबात फगवाड्याचा जे.सी.टी. हा कापडगिरणीचा संघ बंद पडला. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा तो संघ होता.

गोव्याची कथा आपल्या खाणींच्या तालुक्याला अधिक जवळची वाटेल. तेथील साळगावकरांचा संघ १९५६ चा, धेंपोंचा १९६८ चा. दोन्ही घराणी लोहखनिजाच्या व्यापारातली. धेंपो संघाने २००५ ते २०१२ या काळात देशाची सर्वोच्च लीग पाच वेळा जिंकली, आणि साळगावकरांनीही १९९९ व २०११ साली ती आपल्याकडे नेली. मधल्या काळात खाणींचे धनी बदलत होते. धेंपोंचा खाणउद्योग २००९ साली सेसा गोवा कंपनीकडे गेला. ती कंपनीही दोन वर्षांपूर्वीच जपानी मालकाकडून वेदांत समूहाकडे आलेली होती. खाणी विकल्या गेल्या, संघ मात्र घराण्याने ठेवला, ही गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा धरली पाहिजे. पण धोका दुसऱ्याच बाजूने आला.

तो म्हणजे तिसरा धनी. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. येथे संघ आधी जन्मत नाही. आधी लीग जन्मते, मग ती शहरांची नावे काढते आणि त्या त्या शहराच्या नावाने संघ चालविण्याचा परवाना पैसेवाल्यास देते. पूर्वी हरणारा संघ खालच्या वर्गात जाई आणि जिंकणारा वर येई. येथे आरंभीची वर्षे परवाना हाच प्रवेश होता. २०१६ साली फुटबॉल महासंघाची अशी योजना पुढे आली की ही नवी लीग पहिल्या दर्जाची व्हावी आणि जुनी आय-लीग तिच्या खाली यावी. तेव्हा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. पाच वेळा देशात पहिला आलेला संघ गोव्याच्या घरच्या लीगपुरता उरला; धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये दिसला तो २०२४-२५ च्या हंगामात. म्हणजे संघाचा धनी बदलला नसतानाही, खेळाचाच धनी बदलला तर काय होते ते गोव्याने पाहिले.

परवान्याच्या या तऱ्हेत पाठीराख्यांचे काय होते याचा पूर्ण अनुभव महाराष्ट्रात पुण्याने घेतला. पिरामल समूहाचा पुणे एफ.सी. २००७ साली निघाला. २०१२-१३ साली तो देशात दुसरा आला, आणि २०१५ साली बंद झाला. दरम्यान २०१४ साली नव्या लीगचा एफ.सी. पुणे सिटी आला होता. बालेवाडीच्या मैदानावर तीच माणसे नव्या रंगाचे सदरे घालून बसू लागली. २०१९ साली हाही संघ आटोपला. लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली आणि पुष्कळसे खेळाडू तिकडे गेले. मार्च २०२२ मध्ये हैदराबादने त्या लीगचा चषक जिंकला. पुण्याच्या पाठीराख्याने त्या रात्री टाळ्या वाजवाव्या की डोळे पुसावे? क्रिकेटमध्येही पुण्याच्या वाट्याला हेच आले. २०११ ते २०१३ एक संघ, २०१६ व २०१७ दुसरा. दोन्ही आज नाहीत. चार संघ गेले, पण पुणेकराच्या हाती कोणत्याच संघाच्या कागदाचा एक तुकडाही नव्हता.

हे दुःख आपल्याच देशाचे आहे असे कोणी मानू नये. कॅनडात बर्फावरच्या हॉकीचे वेड आहे. पायांत पाती लावलेले बूट घालून, चेंडूऐवजी रबराच्या चपट्या चकतीने हा खेळ खेळतात. तेथील थंडीत घराघरातले पोर तो खेळते. क्वेबेक शहराचा संघ १९९५ साली विकला गेला आणि अमेरिकेत डेन्व्हर येथे नेण्यात आला. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, त्याने स्टॅन्ली चषक जिंकला. ज्या शहराने पराभवाची वर्षे सोसली त्याच्या वाट्याला विजय आला नाही. विनिपेग शहरातही तेच घडले. संघ वाचविण्यासाठी लोक रस्त्यावर आले, वर्गण्या गोळा झाल्या, मुलांनी आपले साठविलेले पैसे दिले; तरी १९९६ साली संघ वाळवंटातल्या फीनिक्सला गेला. २०११ साली अटलांटाचा संघ विनिपेगला आणला गेला आणि त्याला जुनेच 'जेट्स' हे नाव मिळाले. पण गंमत अशी की, जुन्या जेट्सच्या विक्रमांची वही लीगच्या हिशेबात फीनिक्सच्या संघाकडेच राहिली. आजोबांनी पाहिलेले गोल दुसऱ्याच्या खात्यावर! आणि विनिपेगला संघ परत मिळाला तो अटलांटाच्या माणसाचा काढून, हेही विसरता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. लंडनच्या विम्बल्डन भागाच्या फुटबॉल संघाने १९८८ साली इंग्लंडचा एफ.ए. चषक जिंकला होता. त्याच्या मालकांना संघ मिल्टन कीन्स या दूरच्या नव्या शहरात हलवायचा होता, आणि २००२ साली त्यास परवानगी मिळाली. तेव्हा पाठीराख्यांनी त्याच वर्षी आपला स्वतःचा संघ काढला. अगदी खालच्या पायरीपासून आरंभ केला आणि २०११ साली, नऊ वर्षांनी, तो इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला. २००७ साली जुन्या संघाची सन्मानचिन्हे विम्बल्डनच्या मर्टन नगरपालिकेच्या स्वाधीन करण्यात आली. हे सारे घडले ते पाठीराख्यांनी नुसता निषेध न करता सभासदांची संस्था नोंदवून संघ तिच्या मालकीचा ठेवला म्हणून. जर्मनीने तर नियमच केला. १९९८ साली क्लबांना कंपनी स्थापण्याची मुभा मिळाली, पण त्या कंपनीतील निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या मूळ मंडळाकडेच राहिली पाहिजेत अशी अट घातली गेली. काही अपवाद सोडले तर ती आजही पाळली जाते. पैसा येऊ द्या, पण दाराची किल्ली सभासदांच्या हाती ठेवा, असा तो नियम.

आपल्या देशातले सर्वांत बोलके उदाहरण कलकत्त्याचे. मोहन बागान हा १८८९ साली स्थापन झालेला क्लब. १९११ साली गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून त्याने ढाल जिंकली. २०२० साली एका उद्योगसमूहाने त्याच्या फुटबॉल कंपनीत ८० टक्के भाग घेतला आणि आपल्या आधीच्या संघाचे नाव पुढे जोडले : ए.टी.के. मोहन बागान. पाठीराखे संतापले. नाव काढा, ही मागणी तीन वर्षे मैदानात, रस्त्यावर आणि घराघरांत चालली. २०२३ साली संघाने चषक जिंकला त्याच वेळी मालकाने ते नाव काढण्याचे जाहीर केले. नवे 'सुपर जायंट' हे शेपूट जोडले गेले खरे, पण दुसऱ्या संघाचे नाव गेले. हे का शक्य झाले? लोक संख्येने पुष्कळ होते हे एक कारण. दुसरे, आमच्या मते अधिक महत्त्वाचे कारण असे की, जुना क्लब मोडलेला नव्हता. त्याचे सभासद आहेत, निवडणुका होतात, आणि कंपनीत त्याचे २० टक्के राखलेले आहेत. वीस टक्क्यांनी बहुमत होत नाही. पण ज्याच्याशी बोलणी करावी लागतात असा एक पक्ष मात्र उभा राहतो. पुण्याच्या माणसापाशी असा पक्ष नव्हता.

यावरून नवा धनी म्हणजे शत्रू असे कोणी समजू नये. त्याच मोहन बागानने नव्या पैशाच्या बळावर २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी दोन वर्षे लागोपाठ लीगची ढाल मिळविली. वेळेवर पगार, चांगले गवत, मुलांसाठी प्रशिक्षक या गोष्टी वर्गणीतून होत नाहीत. सभासदांच्या कारभारात गटबाजी असते आणि हिशेब थकतात, हे ज्याने एखादे मंडळ चालविले आहे त्यास सांगायला नको. कोल्हापूरच्या फुटबॉलकडे पाहा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम हे तेथील संघ पेठांचे. त्यांचा कोणी एक मालक नाही. म्हणूनच त्यांना कोणी उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही, आणि शाहू स्टेडियम त्यांच्या सामन्यांना फुलून जाते. पण पैसा तुटपुंजा असल्यामुळे दात्यांच्या तोंडाकडे पाहावे लागते, आणि पेठांची ईर्ष्या कधी कधी हातघाईवरही येते. आपलेपणाचेही तोटे असतात. तथापि हे तोटे घरातले आहेत. ते घरच्यांना दुरुस्त करता येतात.

तेव्हा प्रश्न चांगल्या धन्याचा की वाईट धन्याचा असा नाही. चांगला धनीही एक दिवस म्हातारा होतो, त्याचा धंदा बसतो, त्याच्या मुलांना दुसरा नाद असतो. प्रश्न असा आहे की, तो जाईल त्या दिवशी काय काय त्याच्याबरोबर जाऊ शकेल आणि काय जाऊ शकणार नाही. खेळाडू जातील, पैसा जाईल. पण नाव, रंग, मैदान आणि जुन्या ढाली या चार गोष्टी विक्रीच्या बाहेर ठेवता येतात, मात्र त्या आधीच लिहून ठेवल्या असतील तर.

तुमसरला कोणी करोडपती संघ विकत घ्यायला येणार नाही, मग आम्ही हे ऐकावे कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, लहान गावात धनी बदलतो तो गाजावाजा न होता. मैदान कोणा एकाच्या नावावर असते. तो असतो तोवर मुले खेळतात, पुढची पिढी येते आणि कुंपण पडते. व्यायामशाळेची इमारत वर्गणीची असते पण कागद एका घरी असतात. कबड्डीच्या मंडळाचा अध्यक्ष वीस वर्षे तोच, सभासदांची यादी मात्र कोणी पाहिलेली नाही. अशा ठिकाणी भांडण होते तेव्हा 'आम्ही येथे लहानपणापासून खेळलो' हा पुरावा कोणी ग्राह्य धरीत नाही.

यावर उपाय आपल्या कायद्यात आहे, आणि तो जुना आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली मंडळाची नोंदणी करता येते. मग विश्वस्त बदलले की तो बदल धर्मादाय कार्यालयात कळवावा लागतो, आणि मंडळाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. सभासदांचे पुस्तक ठेवावे, वर्षातून एकदा सभा भरवून हिशेब वाचून दाखवावा, आणि घटनेत एक कलम घालावे की मंडळाचे नाव, रंग व मैदान सर्वसाधारण सभेवाचून बदलता येणार नाही. हे काम कंटाळवाणे आहे. त्यात टाळ्या नाहीत, गुलाल नाही. पण जुन्या काळी गावाने जमाबंदीच्या अधिकाऱ्यापुढे बसून तळ्याचा रिवाज एकेक करून लिहून दिला तेव्हा तेही काम कंटाळवाणेच असले पाहिजे. मालगुजार गेले, संस्थाने गेली, कंपन्या आल्या नि बदलल्या; पण पाण्यावर हक्क सांगायला उभ्या राहणाऱ्या गावापाशी दाखवायला तो एक कागद होता.

ज्या मैदानावर आपली मुले आज खेळत आहेत, त्याचा असा कागद कोठे आहे, हे प्रत्येक मंडळाने या पावसाळ्याआधी एकदा पाहून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.